दीनांचा वाटा : धर्मग्रामाच्या मदतपेटीचा पूर्वेतिहास

ज्युबिली हा शब्द आज आपल्या तोंडी सहज रुळला आहे. तोरणे, दिवे, वाजंत्री, पाहुण्यांची रीघ आणि ही स्मरणिका, इतके सारे त्या एका शब्दात आपण भरतो. परंतु त्याचे मूळ पाहू गेल्यास निराळेच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. हिब्रू भाषेत 'योबेल' म्हणजे मेंढ्याचे शिंग. जुन्या करारातील लेवीय ह्या ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात अशी आज्ञा आहे की, सात वेळा सात वर्षे लोटल्यावर हे शिंग देशभर फुंकावे. कर्जापायी ज्याची जमीन गेली असेल त्यास ती परत मिळावी, आणि दारिद्र्यामुळे जो दुसऱ्याच्या घरी राबत असेल त्याने मोकळा होऊन आपल्या माणसांत जावे. म्हणजे मूळचे ज्युबिली वर्ष हे गरिबांचा हिशेब चुकता करण्याचे वर्ष होय. मेजवानीचा क्रम त्यानंतरचा.

ह्या स्मरणिकेत देवळाच्या बांधकामाचा, घंटेचा आणि आमच्या आधी येथे सेवा केलेल्या धर्मगुरूंचा वृत्तांत इतर लेखक देतीलच. आम्ही मात्र देवळाच्या दाराशी भिंतीत बसविलेल्या त्या लहानशा लोखंडी पेटीचा पूर्वेतिहास वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे. आजारी शेजाऱ्याचे औषध, विधवेच्या मुलाची शाळेची फी, पावसाळ्यात कोसळलेल्या घराची कौले, ह्यांसाठी त्या पेटीतून जे चार पैसे निघतात त्यांची वंशावळ फार जुनी आहे. ती जाणल्यावाचून पुढच्या पन्नास वर्षांत ही पेटी कशी चालवावी, ह्याचा निर्णय करणे आपणांस कठीण जाईल. असा निर्णय करण्याची वेळ आपल्यावर येऊन ठेपली आहे, हे लेखाच्या अखेरीस दिसून येईल.

प्रथम मोशेच्या नियमशास्त्राकडे पाहू. शेताच्या कडेकोपऱ्यापर्यंत कापणी करू नये, खाली सांडलेली कणसे वेचू नयेत, द्राक्षमळ्यात गळालेली फळे गोळा करू नयेत. ती दीनांसाठी व परक्यांसाठी राहू द्यावीत, असा तेथे दंडक आहे. येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली ही की, जे ठेवावयाचे ते भीक म्हणून नव्हे. तो दीनांचा वाटाच होय. दुसरी ही की, त्या वाट्याचा धनी सांगताना शास्त्राने दीनाच्या जोडीस परक्याचेही नाव घेतले आहे. रूथ ही मवाबी बाई, म्हणजे परदेशी. ती बेथलेहेमात बवाजाच्या शेतात सरवा वेचावयास गेली. तिला कोणी वेशीवर अडविले असते तर दावीद राजाचा वंशवृक्ष मुळातच खुंटला असता.

ख्रिस्तसभेच्या आरंभीच्या दिवसांत यरुशलेम येथील श्रद्धावंत आपापली मिळकत प्रेषितांच्या चरणी आणून ठेवीत आणि ज्याला जशी गरज तसे त्यातून वाटप होई. तथापि 'प्रेषितांची कृत्ये' ह्या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात जे लिहिले आहे ते अधिक बोधप्रद आहे. रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी तक्रार ग्रीक बोलणाऱ्या मंडळींनी केली. ख्रिस्तसभेतील पहिल्या तंट्यांपैकी हा एक तंटा झाला तो सिद्धान्तावरून नव्हे, तर मदतीच्या वाटपावरून! प्रेषितांनी ही कुरकुर दडपली नाही. त्यांनी सात सेवक नेमले. ज्यांस आज आपण डीकन म्हणतो त्यांची परंपरा तेथूनच सांगतात. स्तेफन, फिलिप्प इत्यादी त्या सातांची नावे पाहिली तर ती सारी ग्रीक आहेत. ह्यावरून असे दिसते की, ज्यांस अन्याय झाल्यासारखे वाटत होते त्यांच्याच माणसांच्या हाती वाटपाचे काम सोपविण्यात आले. आजच्या कोणत्याही मदत समितीने भिंतीवर लिहून ठेवावा असा हा धडा आहे.

संत पौलाने यरुशलेमच्या गरजूंसाठी वर्गणी जमविली, तेव्हा त्याने करिंथच्या मंडळीस सांगितले की, प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपल्या ऐपतीप्रमाणे काही बाजूस काढून ठेवावे. ही रक्कम पोहोचविण्याचे काम त्याने एकट्याने अंगावर घेतले नाही. एवढ्या मोठ्या देणगीच्या बाबतीत कोणासही दोष काढावयास जागा राहू नये म्हणून मंडळ्यांनी निवडलेला माणूस त्याने बरोबर घेतला. तीमथ्याच्या पहिल्या पत्रात तर मदतीस पात्र कोण ह्याचे नियमच आढळतात. ज्या विधवेस मुले-नातवंडे आहेत तिचा सांभाळ त्यांनी करावा, मंडळीवर भार टाकू नये, म्हणजे जी खरोखर निराधार आहे तिला पुरेल. आणि विधवांच्या यादीत साठ वर्षांखालील स्त्रीचे नाव घेऊ नये. अर्ज, चौकशी, यादी, हिशेब ह्या गोष्टी सरकारी कचेऱ्यांनी काढलेल्या आहेत असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः त्यांची मुळे प्रेषितांच्या काळात आहेत.

पुढे दुसऱ्या शतकाच्या मध्याच्या सुमारास संत जस्टिन ह्याने रोममधील रविवारच्या उपासनेचे वर्णन लिहून ठेवले आहे. ज्यांची ऐपत व इच्छा असे ते आपल्या मनाप्रमाणे देत. ती जमा उपासनेच्या प्रमुखापाशी राही, आणि अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान व परगावचे पाहुणे ह्यांची तरतूद तो त्यातून करी. शतकाच्या अखेरीस उत्तर आफ्रिकेतील तर्तुल्यान सांगतो की, ह्या सार्वजनिक पेटीत महिन्यातून एकदा लोक ऐच्छिक दान टाकीत. सक्ती कोणावरही नसे. तो पैसा खाण्यापिण्यावर न उडविता गरिबांचे दफन, पोरकी मुले, थकलेले वृद्ध आणि गलबत फुटून निराधार झालेले लोक ह्यांच्या कामी लागे. इसवी सन २५१ मध्ये पोप कॉर्नेलियुस ह्याने अंत्युखियाच्या बिशपास पत्र लिहिले. त्यात रोमच्या ख्रिस्तसभेवर पोसल्या जाणाऱ्या विधवा व गरजूंची संख्या पंधराशेंहून अधिक असल्याचे म्हटले आहे. छळाचे दिवस, उघड देऊळ बांधण्याची चोरी, आणि तरीही पंधराशे जणांच्या भाकरीची व्यवस्था! सात वर्षांनी, सन २५८ मध्ये, रोमचा डीकन संत लॉरेन्स हुतात्मा झाला. अधिकाऱ्याने ख्रिस्तसभेचा खजिना मागितला असता त्याने शहरातील गोरगरीब आणून उभे केले, ही परंपरागत कथा आपल्या लहान मुलांसही ठाऊक आहे.

ह्या कार्याची सर्वांत मोठी साक्ष एका विरोधकाने दिली आहे. ज्युलियन बादशहाने ख्रिस्ती धर्म सोडून जुन्या दैवतांची उपासना पुन्हा चालू करण्याचा घाट घातला होता. सन ३६२ च्या सुमारास आपल्या एका पुजाऱ्यास लिहिताना त्याने खेद व्यक्त केला की, हे गालीली लोक स्वतःचे गरीब तर पोसतातच, शिवाय आमचेही पोसतात. ह्या साक्षीतील 'आमचेही' हा भाग वाचकांनी मनात धरून ठेवावा. त्याचे काम आपणांस पुढे पडणार आहे.

ख्रिस्तसभेस राजमान्यता मिळाल्यावर देणग्या व जमिनी वाढल्या, आणि पैसा वाढला की वाटणीचा प्रश्न येतोच. सन ४९४ मध्ये पोप जेलासियुस ह्याने ख्रिस्तसभेच्या उत्पन्नाचे चार भाग करण्याचा नियम घालून दिला: एक भाग बिशपचा, दुसरा धर्मसेवकांचा, तिसरा गरिबांचा व चौथा देवळाच्या डागडुजीचा. हा नियम सर्वत्र व सर्वकाळ सारख्याच निष्ठेने पाळला गेला असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. तथापि गरिबांचा भाग हा देवळाच्या भागाहून वेगळा आहे, आणि एकाचा पैसा दुसऱ्यात मिसळता कामा नये, हे तत्त्व त्याने कायमचे घालून दिले. छपराची गळती थांबविण्यासाठी गरिबांच्या पेटीत हात घालण्याचा मोह ज्या ज्या पाळकास होईल त्याने पंधराशे वर्षांपूर्वीचा हा नियम आठवावा.

मध्ययुगात गावोगाव धर्मग्राम स्थिरावले आणि मदतीचे काम धर्मग्रामाच्या सीमेशी बांधले गेले. सीमेचा लाभ असा की शेजारी शेजाऱ्यास ओळखतो. कोणाचे घर आजाराने बसले आणि कोण आळसाने बसला, हे तेथे लपत नाही. परंतु ह्याच सीमेने केवढी निष्ठुरता शिकविली ती पाहावयाची असल्यास इंग्लंडचा इतिहास वाचावा. तेथे मठ मोडले गेल्यानंतर गरिबांच्या पोषणाचा भार कायद्याने धर्मग्रामांवर आला. सन १६०१ च्या कायद्याने प्रत्येक धर्मग्रामात कर बसवून गरिबांची तरतूद करणारे अधिकारी नेमले. त्याच वर्षी धर्मादाय देणग्यांच्या गैरवापराची चौकशी करण्याचाही एक कायदा झाला, आणि 'धर्मादाय' कशास म्हणावे हे ठरविताना त्याच्या प्रस्तावनेतील यादीचा आधार न्यायालये शतकानुशतके घेत आली. इतके चांगले झाले. परंतु सन १६६२ मध्ये असा कायदा झाला की, उद्या करदात्यांवर भार होईल असा जो नवखा मनुष्य गावात येईल त्यास चाळीस दिवसांच्या आत त्याच्या मूळ गावी परत घालविता यावे. ह्याचा परिणाम असा झाला की, गरोदर स्त्रियांस प्रसूतीपूर्वीच वेशीबाहेर हाकलण्याचे प्रकार होऊ लागले; कारण मूल ज्या गावी जन्मेल त्या गावावर त्याचा भार पडेल ही भीती! पुढे सन १६९७ च्या कायद्याने मदत घेणाऱ्यांच्या अंगरख्यावर गावाच्या आद्याक्षरासह खूण शिवण्याची सक्ती केली. अन्न दिले, पण अब्रू घेतली. ही सक्ती रद्द होण्यास सन १८१० उजाडले.

ह्या कायदेशीर मदतीच्या जोडीने इंग्लंडात खासगी देणगीदारांचे छोटे छोटे धर्मादाय निधीही होते. कोणी मृत्युपत्रात एक शेत लिहून ठेवी आणि त्याच्या खंडातून दर रविवारी अमुक गरिबांस पाव मिळावेत असे सांगे. कोणी हिवाळ्यासाठी कोळसा, तर कोणी अनाथ मुलास धंदा शिकविण्याचा खर्च नेमून ठेवी. कित्येक जुन्या देवळांत हे पाव ठेवण्याची लाकडी फळी आणि देणग्यांचे तपशील रंगविलेले तक्ते अद्यापही दृष्टीस पडतात. सन १८५३ मध्ये अशा निधींवर देखरेख करण्यासाठी धर्मादाय आयोग स्थापन झाला. त्यांतील कित्येक निधी आजही चालू असून, आपल्या हद्दीतील अडचणीत सापडलेल्या रहिवाशांस ते लहान लहान अनुदाने देतात. पावाच्या जागी आता घर उबदार ठेवण्याचा खर्च, एखादे अत्यावश्यक घरगुती यंत्र किंवा मुलाचा गणवेश आला आहे. चारशे वर्षांपूर्वीच्या माणसाची सदिच्छा आजच्या घरी पोहोचते, ती केवळ विश्वस्तांनी हिशेब नीट ठेवले म्हणून.

इटलीत ह्याच काळी निराळा उपाय निघाला. सावकाराच्या व्याजाखाली भरडल्या जाणाऱ्या लोकांसाठी फ्रान्सिस्कन संन्याशांच्या प्रेरणेने सन १४६२ मध्ये पेरुजिया नगरात 'मोन्ते दि पिएता', म्हणजे दयेची पेढी, सुरू झाली. वस्तू गहाण ठेवावी आणि पेढी चालण्यापुरते अल्प व्याज द्यावे, अशी तिची रीत होती. हे व्याज पाप की काय, ह्यावर पन्नास वर्षे वाद झाला. अखेरीस सन १५१५ मध्ये पाचव्या लॅटरन धर्मपरिषदेने अशा पेढ्यांस मान्यता दिली. ज्यास परतफेड शक्य आहे त्यास दान देण्यापेक्षा स्वस्त कर्ज देणे हे त्याच्या मानास अधिक साजेसे आहे, हा विचार त्यामागे होता. आमच्या वसईकरांस ह्यात नवल वाटू नये. सन १९१८ मध्ये फादर मोनीस ह्यांच्या पुढाकाराने आपल्या लोकांनी जी सहकारी पतपेढी काढली व जी पुढे बँक म्हणून नावारूपास आली, तिच्या मुळाशी हाच विचार होता.

आता आपल्याच किनाऱ्याकडे वळू. सन १४९८ मध्ये, ज्या वर्षी वास्को द गामा कालिकतला उतरला त्याच वर्षी, लिस्बन शहरात राणी लियोनोर हिच्या आश्रयाखाली 'मिझेरिकॉर्दिया' म्हणजे दयासंघ स्थापन झाला. सात शारीरिक व सात आत्मिक अशी जी चौदा दयाकृत्ये आपण धर्मशिक्षणात पाठ करतो तीच त्याची घटना होती. दरवर्षी जुलैच्या दोन तारखेस, पवित्र मरियेने एलिझाबेथेची भेट घेतली त्या सणाच्या दिवशी, संघाचे कार्यकारी मंडळ निवडले जाई. बंदिवानांस अन्न नेणे, देहान्ताची शिक्षा झालेल्यांचे दफन करणे, पोरक्या मुलींच्या विवाहास हुंडा देणे ही कामे संघाचे बंधू करीत. त्यांतील एक काम आमच्या मनात विशेष घर करून राहिले आहे. चांगल्या स्थितीतून खालावलेली आणि लाजेमुळे हात पसरू न शकणारी जी घरे असत, त्यांची निराळी यादी संघ ठेवी. त्यांची चौकशी गुप्तपणे होई आणि मदतही गुप्तपणे घरी पोहोचे. अशांस ते 'लाजरे गरीब' म्हणत.

पोर्तुगीज जेथे जेथे गेले तेथे तेथे हा संघ गेला. सोळाव्या शतकात गोव्यात त्याचे मोठे कार्य होते. सन १५६९ मध्ये मकाव येथे त्याची स्थापना झाली. चौल, दमण व आपली वसई येथेही तो होता. सन १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगिजांकडे आली, तेव्हापासून सन १७३९ पर्यंतच्या दोन शतकांत किल्ल्यातील वैभवाचा तो एक भाग होऊन राहिला. परदेशी मरण पावलेल्या पोर्तुगिजाची मालमत्ता समुद्रापार त्याच्या वारसांस पोहोचविण्याचे काम गोव्याचा संघ करी, इतका त्याच्यावर लोकांचा विश्वास होता.

परंतु इतिहास लिहिणाऱ्याने गुणांबरोबर दोषही सांगावयास हवा. संघाचे बंधू होण्याचा अधिकार पोर्तुगीज रक्ताच्या लोकांपुरता राखलेला होता. पूर्वज यहुदी असलेल्यांसही पुढे दार बंद झाले. हुंड्याच्या देणग्या मुख्यत्वे पोर्तुगिजांच्या पोरक्या मुलींसाठी असत. ह्या भूमीत जन्मलेल्या, शेतात राबणाऱ्या व होडी हाकणाऱ्या ख्रिस्ती जनांच्या वाट्यास त्या दयेचा अंश थोडाच आला. दयेच्या नावाने उभारलेल्या घरास कुळाची भिंत पडली, ह्याहून खेदाची गोष्ट ती कोणती? आणि प्रभूचा न्याय पाहा. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेपुढे किल्ला शरण आला. सरदार गेले, मठ ओस पडले, दयासंघाची पेटीही गेली. मागे उरले ते ज्यांचे नाव त्या यादीत नव्हते तेच! आपले हेच पूर्वज श्रद्धा धरून राहिले, एकमेकांच्या शेतावर सावडीने राबले, एकमेकांच्या मृतांस खांदा दिला, आणि त्यांच्याच वंशजांनी पुढे ही देवळे पुन्हा गजबजविली. ज्यांस यादीबाहेर ठेवले त्यांनीच वारसा राखला.

मदत व्यवस्थित कशी द्यावी ह्याचे शास्त्र ज्यांनी घडविले ते संत व्हिन्सेंट द पॉल. सन १६१७ च्या ऑगस्ट महिन्यातील एका रविवारी फ्रान्समधील शातियों ह्या गावी मिस्साच्या तयारीत असता, गावाबाहेरच्या एका घरी सारीच माणसे आजारी पडली असून त्यांस पाहणारे कोणी नाही, हे त्यांच्या कानी आले. त्यांनी प्रवचनात ते सांगितले. दुपारी ते स्वतः त्या घराकडे निघाले तो वाटेत लोकांच्या रांगाच्या रांगा अन्न घेऊन येताना-जाताना दिसल्या. लोकांचे औदार्य पाहून त्यांस आनंद झाला. पण आज एवढे आलेले अन्न उद्या नासेल आणि परवा ते घर पुन्हा उपाशी पडेल, हेही त्यांनी ओळखले. औदार्य पुष्कळ, व्यवस्था नाही. त्यांनी गावातील स्त्रियांस एकत्र करून पाळीपाळीने सेवा करण्याची रीत घालून दिली, आणि त्याच वर्षी ८ डिसेंबर रोजी त्या पहिल्या दयामंडळाची रीतसर स्थापना केली.

त्यांचेच नाव घेऊन २३ एप्रिल १८३३ रोजी पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम ह्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या मित्रांसह एक लहानशी सभा भरविली. तुमच्या धर्माने पूर्वी पुष्कळ केले असेल. आज तो गरिबांसाठी काय करतो, असा टोमणा त्यांस सहाध्यायी मारीत. वादात उत्तर देण्याऐवजी त्यांनी घरोघर जाण्याचे ठरविले. मुफ्तार भागातील गोरगरिबांत काम करणाऱ्या सिस्टर रोझाली रांदू ह्यांनी त्यांस भेट देण्याजोगी घरे दाखविली व पाव-सरपणाच्या चिठ्ठ्या दिल्या. दोघांनी मिळून भेटीस जावे, चिठ्ठी हाती देऊन पाठ फिरवू नये, घरात बसावे, ऐकावे, आणि सभेच्या शेवटी पिशवी फिरवून प्रत्येकाने किती टाकले हे दुसऱ्यास न कळता टाकावे, अशी त्यांची साधी पद्धत होती. देणाराही गुप्त व घेणाराही गुप्त! त्या लहानशा सभेतून संत व्हिन्सेंट द पॉल सोसायटी जगभर पसरली. भेट देताना ती जात वा धर्म विचारीत नाही. ओझानाम ह्यांस सन १९९७ मध्ये व सिस्टर रोझाली ह्यांस सन २००३ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी धन्यवादित घोषित केले. सन २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस ह्यांनी 'गरिबांचा जागतिक दिन' नेमून दिला व पुढील वर्षापासून तो सर्वत्र पाळला जाऊ लागला, ही ह्याच माळेतील अलीकडची कडी होय.

आपल्या राज्यात सन १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने धर्मादाय संस्थांवर नोंदणी व हिशेबतपासणी यांचे बंधन घातले आणि धर्मादाय आयुक्तांची देखरेख आणली. ह्याच कायद्याखाली, मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने ठरलेल्या योजनेनुसार, सन २००६ पासून मोठ्या धर्मादाय रुग्णालयांनी शेकडा दहा खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व आणखी दहा दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखावयाच्या असतात. कित्येकांस हे ठाऊकच नसते, आणि ते दागिने मोडून बिल भरतात. आपल्या पेटीतून पाच हजार देणे हे एक साहाय्य. पण रुग्णाबरोबर जाऊन त्याच्या हक्काची खाट त्यास मिळवून देणे हे त्याहून मोठे साहाय्य होय.

ह्या दीर्घ इतिहासातून आम्हांस जो बोध झाला तो थोडक्यात मांडतो. गरिबांचा पैसा वेगळा ठेवावा. हिशेब एकाने ठेवू नये, किमान दोघांनी ठेवावा, व तो मंडळीपुढे मांडावा. परंतु मांडावयाचे ते आकडे, माणसे नव्हेत. अर्ज येण्याची वाट न पाहता भेटीस जावे, कारण जो खरोखर लाजतो तो अर्ज करीत नाही. फी शाळेत भरावी, औषधाचे बिल दुकानात चुकते करावे. पण हे सोयीसाठी करावे, घेणाऱ्यावर अविश्वास आहे म्हणून नव्हे. एकदाच उद्भवलेल्या अडचणीस एकदाच मदत द्यावी. कायम निराधारास नेमाने द्यावी. आणि ज्यास कर्ज पेलेल त्यास कर्जाची वाट दाखवावी. ज्यांच्यासाठी ही मदत आहे त्यांच्यापैकी काहींस समितीत बसवावे, जसे प्रेषितांनी बसविले.

येथे आमच्या हातून घडलेली एक चूक कबूल करणे आम्ही कर्तव्य समजतो. दीक्षेनंतरच्या आरंभीच्या वर्षांत, दुसऱ्या एका धर्मग्रामात असता, नाताळच्या सुमारास आम्ही मिस्सानंतर घोंगड्या वाटल्या. देणगीदारांस आनंद व्हावा म्हणून घेणाऱ्यांची नावे वेदीजवळून मोठ्याने वाचली. एक वृद्ध गृहस्थ, ज्यांनी उमेदीत त्याच देवळाच्या बांधकामावर दगड वाहिले होते, पुढे आले, घोंगडी घेतली, मान खाली घालून गेले, आणि त्यानंतर कित्येक महिने मिस्सास दिसले नाहीत. आम्ही त्यांच्या घरी गेलो तेव्हा ती घोंगडी घडी न मोडता तशीच फळीवर होती. त्यांनी आम्हांस चहा दिला. रागाचा शब्दही काढला नाही. इंग्लंडातील त्या अंगरख्यावरच्या खुणेविषयी आम्ही पुढे वाचले तेव्हा आम्हांस ती घोंगडी आठवली. आम्हीही एक खूणच शिवली होती.

आता तो प्रश्न. ज्युबिलीच्या तयारीच्या बैठकीत काही थोर मंडळींनी सद्हेतूने असे सुचविले की, मदतपेटीचा लाभ ह्यापुढे धर्मग्रामाच्या जुन्या घराण्यांस व नेमाने वर्गणी भरणाऱ्यांसच मिळावा. आपली वाडी आता पूर्वीची राहिली नाही. जेथे केळीच्या बागा व पानवेली होत्या तेथे इमारती उठल्या; त्यांत भाड्याने राहणारी कुटुंबे दूरदूरून आली; कोणी आपल्या वेदीपुढे गुडघे टेकतो, कोणी टेकत नाही. पेटी लहान, गरज मोठी. तेव्हा सीमा आखावी असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि सीमेवाचून कोणताही निधी चालत नाही हेही खरे. परंतु सीमा राहण्याच्या ठिकाणाची असावी, कुळाची नसावी. जो आपल्या हद्दीत झोपतो, आपल्या विहिरीचे पाणी पितो, आपल्या रस्त्यावर कामास जातो, तो अडचणीत सापडल्यास आपला आहे. किल्ल्यातील दयासंघाने कुळ पाहिले, तो गेला. बवाजाने परक्या बाईस सरवा वेचू दिला; त्याच्या घरी राजवंश वाढला. ज्युलियनासारख्या विरोधकाने आपल्या पूर्वसूरींची जी निंदा केली ती निंदा आपल्याही वाट्यास यावी, ह्याहून मोठी ज्युबिलीची भेट आम्ही मागणार नाही.

ह्या बाबतीत निर्णय मंडळीने एकत्र बसून करावयाचा आहे, आणि आमचे मत आम्ही लपवून ठेवलेले नाही. तोवर पेटी दाराशी आहेच. येताना-जाताना वाचकांनी तिच्यात टाकलेले नाणे कोणाच्या घरी गेले हे त्यांस कधीही कळणार नाही, ह्याची हमी आम्ही देतो. ज्याच्यापासून काही लपत नाही तो पिता ते पाहील. त्याची कृपा ह्या धर्मग्रामावर, येथील जुन्या घरांवर व नव्या बिऱ्हाडांवर सारखीच राहो, अशी प्रार्थना करून हा लेख आम्ही येथे संपवितो.